ऐकू न आलेलं

माझा नवरा फौजेतून कायमचा घरी आला, त्या दिवशी गावाने त्यांची मिरवणूक काढली. दवनीवाड्याच्या फाट्यावर उघडी जीप सजवून उभी होती. पुढे डीजे, मागे ट्रॅक्टर. जीपमध्ये त्यांच्या शेजारी माझ्या सासूला बसवलं होतं. मी आणि आमची मुलगी मागच्या ट्रॅक्टरवर बायकांमध्ये उभ्या होतो. विहाराजवळ मिरवणूक वळली आणि कोणीतरी सुतळी बॉम्ब पेटवला.

तो फुटला तसे ते सासूच्या अंगावर झेपावले. तिची मान दाबून तिला सीटच्या खाली घेतलं आणि स्वतः तिच्यावर आडवे झाले. गळ्यातल्या हारांची फुलं रस्त्यावर पडली. लोकांना वाटलं, मायलेकाची भेट होते आहे. टाळ्या वाजल्या. पोरांनी मोबाइल वर केले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ देशभक्तीचं गाणं लावून सगळ्या ग्रुपवर फिरत होता. माझ्या भावाने देवरीहून फोन केला, "बाई, जावईबुवाचा व्हिडिओ पाहून रडू आलं वो."

सासूने मला दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सांगितलं, "त्याचा जीव कोंबडीवानी धडधडत होता. म्या त्याले म्हनलं, बापा, फटाके होत. त्याले आयकूच नाई आलं."

आमचं लग्न झालं तेव्हा ते नुकतेच भरती झाले होते. वर्षातून दोनदा, कधी एकदाच, सुट्टीवर यायचे. आले की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. कोंबडं कापायचं, मुलगी शाळा बुडवायची, मी अंगणवाडीतून लवकर निघायची. मी अंगणवाडी सेविका आहे. सुट्टी संपली की ते ट्रंक घेऊन जायचे आणि घर पुन्हा आपल्या चालीवर यायचं. सासऱ्यांचं आजारपण मी काढलं, त्यांना मातीही मीच इतरांच्या सोबतीने दिली. घरावर स्लॅब टाकून घेतला. मुलीच्या तापात तिला मागे बसवून गोंदियाला स्कूटी नेली. शेत धाकटे दीर करायचे. कोणत्या दिवशी काय, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. त्यात त्यांची जागा ठेवली नव्हती. मुद्दाम नाही. इतकी वर्षं एक माणूस नसला की त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसतंच.

ते आले आणि घरभर हिंडू लागले. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, मुलीने ते परत होते तसे लावले.  दुसऱ्या दिवशी पुन्हा उंचीप्रमाणे. मुलगी चिडून म्हणाली, "बाबा, हे घर आहे." तेव्हापासून ते स्वयंपाकघरात आले नाहीत. पाणी हवं असलं तरी बाहेरूनच हाक मारायचे.

शेतावर गेले तर दीर बांधाकडे बोट दाखवून म्हणायचे, "भाऊ, तू बस ना जी धुऱ्यावर. तुले का समजते यातलं." दिराच्या मनात वाकडं नव्हतं. खरोखरच त्यांना काही समजत नव्हतं. धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलाच्या बांधीत उतरले आणि बायांच्या रांगेत त्यांचं रोप सारखं मागे पडायला लागलं, तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते बांधीतून वर आले, पाय धुतले आणि घरी निघून आले.

त्यांचा डावा कान गेलेला होता. उजव्याने अर्धंमुर्धं ऐकू यायचं. घरी येण्याच्या काही वर्षं आधी गस्तीवर असताना रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला होता, एवढंच मला माहीत होतं. त्यात त्यांचा एक जोडीदार गेला. तो छत्तीसगडचा, डोंगरगडच्या पलीकडचा, गोंड घरातला. आमच्या गावाला कापणीला छत्तीसगडी बाया येतात, तीच त्याची बोली. ते दोघं एका ताटात जेवायचे, हे मी फोनवर ऐकत आले होते. फौजेने त्यांना कानाचं मशीन दिलं होतं, पण ते लावत नसत. म्हणायचे, मशीन लावलं की सगळंच एकदम डोक्यात घुसते, भांडं, कुत्रं, मोटारसायकल.

पहिल्या हिवाळ्यात त्यांना गोंदियाच्या एका राइस मिलच्या गेटवर काम लागलं. मिलने नवा गणवेश दिला. सकाळी बुटाला पॉलिश करून ते बसने जायचे. त्या थोड्या दिवसांत मी निर्धास्त होते, कारण कुठेतरी जायचं असलेला माणूस घरात निराळा वागतो. मग एक दिवस धानाचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, ओरडला, आणि हे पाठ करून तसेच उभे राहिले. हमालाने हाताला धरून ओढलं म्हणून वाचले. सुपरवायझर भला माणूस होता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "फौजी भाई, आपको सुनाई नहीं देता, गेट पर क्या करोगे? कल से रहने दो."

घरी येऊन त्यांनी गणवेशाची घडी घातली आणि पिशवीत भरला, परत करायला. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "त्यायची जागा भरली."

नंतर झोप गेली. दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा आणि कोणी खांद्याला हात लावला की ते हात पकडून पिळायचे. एकदा मुलीचा हात असा पिळला. ती ओरडली तेव्हा त्यांनी सोडला आणि तिच्याकडे पाहत राहिले, ही कोण म्हणून. मुलीचं मनगट सुजलं होतं. मी शाळेत सांगितलं, पडली.

मग मी हट्टाने त्यांना नागपूरकडच्या लष्करी दवाखान्यात नेलं. बाहेर बाकावर त्यांच्यासारखेच पुरुष बसले होते, काहींच्या बायका सोबत.  डॉक्टर तरुण होता, आवाज मऊ होता. त्याने फाइल बाजूला सारून विचारलं, "नींद आती है?"

"आती है, सर."

"गुस्सा आता है?"

"नहीं, सर."

"पुरानी बातें याद आती हैं? कोई तकलीफ?"

"सब ठीक है, सर."

ते खुर्चीच्या टोकावर ताठ बसले होते, मुठी गुडघ्यावर. मी मध्येच म्हणाले, "साहेब, यांना झोप येत नाही. मुलीचा हात..." त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यांच्या साहेबासमोर मी त्यांची वर्दी उतरवली, असं ते पाहणं होतं.  डॉक्टर समजला असावा. त्याने गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या महिन्यात एकटे या म्हणाला. ते पुन्हा गेले नाहीत.

येताना बस कोहमाऱ्याला थांबली. ढाब्यांसमोर ट्रकांची रांग लागली होती. आम्ही चहा घेतला. त्यांनी मला स्वतःच्या उजव्या बाजूला बसायला सांगितलं, म्हणजे बोलायचं होतं. मला वाटलं, आता रागावतील.

"तुले एक सांगतो," ते म्हणाले. "तो लगेच नाई मेला."

मला क्षणभर कळलंच नाही, कोण. मग कळलं, जोडीदार.

"मी पोचलो तवा जिता होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो बोलून रायला होता. ओठ हलून रायले होते त्याचे. बोलतच होता, बोलतच होता. अन् मले काईच ऐकू नाई ये. कानात नुस्ती शिट्टी. मी त्याच्या ओठाकडं पाहून रायलो होतो. पानी म्हनला का मायचं नाव घेतलं, का मलेच काई म्हनला, नाई समजलं. मी नुस्ता हो हो करून रायलो. मंग ओठ थांबले."

चहावाल्याने ग्लास उचलून नेले. ते थांबले आणि पुन्हा बोलू लागले. काही दिवसांनी जोडीदाराच्या बायकोचा फोन आला होता. तिने विचारलं, शेवटी काही म्हणाले का? तेव्हा कान थोडे मोकळे झाले होते, तिचं रडणं नीट ऐकू येत होतं. "म्या का सांगू तिले? मले ऐकू नाई आलं म्हनून सांगू? तो सुट्टीवरून येताना पोरीचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो आने. माझ्या तोंडून निंघून गेलं. पोरीले शिकवजो म्हनला, असं सांगितलं."

त्यानंतर दरवर्षी त्याच्या जाण्याच्या दिवशी तिचा फोन यायचा. ती तेच विचारायची आणि हे तेच सांगायचे. ते घरी असताना असा फोन आला की मीही तिथेच असायची. कोणी फौजेतलं असेल समजून चहा करायला उठायची.

बसचा हॉर्न वाजला. आम्ही चढलो. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस ते गोळीशिवाय झोपले. सासू म्हणाली, "दवाई लागू पडली." मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

माघ पौर्णिमेच्या आधी जोडीदाराच्या त्या बायकोचा फोन आला. त्या सासऱ्यांना आणि मुलीला घेऊन गोंडांच्या कचारगडच्या जत्रेला येणार होत्या. तिथून तुमचं गाव लांब नाही, भैया, भेटायला या, म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. यांनी दाढी केली, पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, आणि कानाचं मशीनही लावलं. आम्ही गोंदियाहून गाडीने दरेकसाला उतरलो. डोंगराकडे माणसांची रीघ लागली होती, पिवळे झेंडे, पिवळे दुपट्टे, ढोल. प्रत्येक ढोलाशी त्यांचा हात कानाकडे जायचा. पण मशीन त्यांनी काढलं नाही.

ती माणसं डोंगराच्या पायथ्याशी एका मोहाच्या झाडाखाली बसली होती. तीन विटांवर भात शिजत होता. म्हातारे सासरे उठून उभे राहिले आणि "जय सेवा" म्हणून यांना मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. सून माझ्या वयाची, सावळी, हातावर गोंदण. मुलगी कॉलेजात शिकणारी, राजनांदगावला होस्टेलवर राहणारी, चष्मा लावलेली. ती वाकून यांच्या पाया पडली.

म्हातारे बोलत सुटले. अर्धं हिंदी, अर्धं छत्तीसगडी. भावकी मागे लागली होती, बापाविना पोर, दहावीनंतर उजवून टाका. त्यांच्याही मनात तेच होतं. पण सून म्हणाली, पोरीला शिकवायचं, हा त्यांचा शेवटचा शब्द आहे. मग त्यांनी भावकीला सांगितलं, माझ्या पोराने मरता मरता हे मागितलं, आता कोणी मध्ये बोलायचं नाही. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. हसत होती जराशी, कारण ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली असणार. मी यांच्याकडे पाहिलं. म्हातारे बोलत होते तसा यांचा चेहरा उतरत चालला होता.

सून पाण्याचा डबा घेऊन टँकरकडे निघाली. हे तिच्यामागे उठले. मला बरं वाटलं नाही म्हणून मीही गेले. टँकरजवळ बायांची गर्दी होती. आम्ही बाजूला थांबलो. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "एक बेर अउ बता न भैया, का कहे रिहिस?" अजून एकदा सांग ना, काय म्हणाले होते? प्रत्यक्ष समोर माणूस असताना एकदा ऐकायचं होतं तिला.

मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"भाभी, मैंने सुना नहीं," ते म्हणाले. "वो बोल रहा था. मेरे कान बंद हो गए थे. मैंने आपको झूठ बोला."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. रडली नाही. तिच्या मागे बाया पाण्यावरून भांडत होत्या. मग हळूच म्हणाली, "त अब काबर बताथस?" मग आता का सांगतोस?

 ते नुसते उभे होते, हात मांड्यांना चिकटवून. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी तिच्याही वतीने त्यांचा राग आला. तिने इतकी वर्षं एका वाक्याच्या बळावर सासर सांभाळलं, मुलीला होस्टेलवर ठेवलं, आणि या माणसाने भर जत्रेत ते वाक्य तिच्या हातातून काढून घेतलं. पण त्यांनी तरी ते कुठवर वाहायचं?

तिचा नंबर आला. तिने डबा नळाखाली धरला, भरला, डोक्यावर घेतला. जाताना थांबून मला नाही, त्यांनाच म्हणाली, "ससुर पूछही, त उहीच बताबे." सासरे विचारतील, तर तेच सांग.

आणि म्हाताऱ्यांनी विचारलं. जेवणाची पानं मांडली होती. त्यांनी नातीला आपल्याजवळ ओढून बसवलं आणि यांना म्हणाले, बेटा, तुझ्या तोंडून ऐकू दे, माझ्या नातीलाही ऐकू दे. हे उठून उभे राहिले. त्या दवाखान्यातल्यासारखेच ताठ. म्हणाले, "बाबूजी, उसने कहा, बेटी को पढ़ाना."

"और?"

"बस, इतना ही."

म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मुलीने चष्मा काढून पुसला. सून भात वाढत होती. ती यांच्या पानापाशी आली, वाढलं, थोडं जास्तच वाढलं, आणि पुढे गेली. वर पाहिलं नाही. मी तो भात खाल्ला. कसा खाल्ला, माहीत नाही. यांनी पानातलं शेवटचं शीतही ठेवलं नाही.

निघताना म्हाताऱ्यांनी यांच्या गळ्यात पिवळा दुपट्टा घातला. गाडीत ते दारात उभे राहिले, सालेकसा, आमगाव, सगळी स्टेशनं जाईपर्यंत. जागा होती तरी बसले नाहीत.

त्या वर्षी फोनचा दिवस आला तेव्हा ते सकाळपासून फोन हातात घेऊन ओसरीवर बसले होते. फोन आला नाही. त्यांनी लावला नाही. मी म्हटलं, "तुमीच लावून पाहा ना जी. पोरीची चौकशी करा." ते म्हणाले, "का इचारू?"

मग दुपारी मी तांदूळ निवडत होते तेव्हा आपणहून म्हणाले, "आता माह्या डोळ्यासमोर त्याचे ओठ हलतात ना, तर मले ऐकू येते. पोरीले शिकवजो. साफ ऐकू येते. आधी निदान माहीत होतं का मले ऐकू नाई आलं. आता तेबी रायलं नाई."

 ताटातले खडे मी पुन्हा ताटातच टाकत होते, हे नंतर लक्षात आलं.

त्यानंतर ते शेतातल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत राहायला गेले. आधी रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून, मग तसेच. भांडण नाही, काही नाही. डबा दीर घेऊन जायचे. मी सुट्टीच्या दिवशी जायची, कपडे धुवायला आणायची. ते ओळख दिल्यासारखी मान हलवायचे. गोळ्या घेता का विचारलं तर म्हणायचे, "सब ठीक आहे." मला त्या डॉक्टरच्या खुर्चीवर बसल्यासारखं व्हायचं.

सासू गेली तेव्हा आले. खांदा दिला, विहारात वंदनेला बसले, आलेल्या माणसांना पाणी दिलं. लोक म्हणाले, फौजी माणूस, कसा घट्ट आहे पाहा. तिसऱ्या दिवशी परत शेतावर. दिराच्या बायकोने मला विचारलं, "तुमी त्यायले घरी काऊन नाई आनत, बाई?" मी दोनदा आणलं होतं. दोन्ही वेळा ते जेवले, ओसरीवर थोडे बसले, आणि परवानगी मागितल्यासारखं म्हणाले, "जाऊ का?" मी काय सांगणार? जा म्हटलं.

यंदा मुलीला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मी शेतावर जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकलं. "चांगलं आहे," म्हणाले, आणि दुसरीकडे तोंड केलं. शिकव, असं ते म्हणाले नाहीत. त्या शब्दाला ते आता हातच लावत नाहीत.

तिला जायचं होतं त्या सकाळी मी फाट्यावर तिच्याबरोबर उभी होते. दोन बॅगा, एक गादी, लोणच्याची बरणी. ती सारखी शेताच्या रस्त्याकडे पाहत होती. "बाबांना माहीत आहे ना, आज?" तिने विचारलं. माहीत होतं. मी आदल्या दिवशी डब्याबरोबर निरोप दिला होता. बस आली. कंडक्टरने गादी वर टाकली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला, आणि बस हलल्यावर सोडला.

त्या दिवशी अंगणवाडीत मुलांची वजनं घ्यायची होती. मी फाट्यावरून तशीच गेले. आया येऊन बसल्या होत्या. एकेका मुलाला काट्यावर ठेवत गेले आणि आकडा मोठ्याने वाचत गेले.